मुठीच्या बुडाची वाटी

१९७४ साली आमच्या जेवणाच्या टेबलावर शाळा सुरू झाल्यापासून ते ख्रिसमस तोंडावर येईपर्यंत कुणी जेवलं नाही. त्या वर्षी देशात बरंच काही घडलं आणि ते पुस्तकांत लिहिलेलं आहे. पण ओहायोतल्या आमच्या वॉरेल्सबर्ग गावात १९७४ला ‘वाटीचं साल’ म्हणत. अजूनही म्हणतात, म्हणजे ज्यांना आठवतं ते म्हणतात, आणि त्यांत आता मुख्यतः मीच उरले आहे.

माझा नवरा मर्ल स्टॉफर हायस्कुलात भूमिती शिकवायचा. दिवसभर मुलांना जे सिद्ध झालेलं आहे ते पुन्हा सिद्ध करून दाखवायचं आणि घरी येऊन जे कधीच सिद्ध होणार नाही त्यावर वाद घालायचा, असा त्याचा दिनक्रम होता. वादाचा विषय म्हणजे हॅडली अँड स्नो कंपनीची जुनी रिव्हॉल्व्हरं. ही कंपनी आमच्या आजोबांच्या काळात बंद पडली होती. तिचा कारखाना जळला आणि त्यात सगळे कागद गेले. त्यामुळे कुठल्या साली कुठला स्क्रू बदलला, कुठल्या नळीवर कुठला शिक्का होता, हे खात्रीने सांगणारं जगात काही उरलं नव्हतं. विद्वत्तेला याहून सुपीक जमीन मिळत नाही.

आमच्या तीन जिल्ह्यांचं मिळून जुनी शस्त्रं जमवणाऱ्यांचं एक मंडळ होतं. त्यातल्या कुणी त्या रिव्हॉल्व्हरांमधून गोळी झाडलेली मी पाहिली नाही. झाडणं हा विषयच नव्हता. विषय होता फरक. एकाच्या रिव्हॉल्व्हराच्या घोड्यावर रेघा अकरा, दुसऱ्याच्या बारा. झाला एक प्रकार. मंडळाने तो मान्य केला की ज्याने तो ओळखला त्याचं नाव त्या प्रकाराला द्यायचं, आणि मग पुढच्या पिढ्यांनी ते घेत राहायचं. मिरवायला आमच्या गावात दुसरं फारसं काही नव्हतं.

आमच्या शेजारी राहणारा दाताचा डॉक्टर डेल्बर्ट क्रमराइन याच्या नावाचे दोन प्रकार होते. ‘क्रमराइन पहिला’ आणि ‘क्रमराइन दुसरा’. त्यांतला फरक डेल्बर्टशिवाय कुणाला दिसत नसे. पण नावं होती खरी. मर्लच्या नावाचं काहीच नव्हतं. मूलबाळ आम्हांला झालं नाही. शाळेत त्याच्याहून धाकट्या माणसाला उपमुख्याध्यापक केलं तेव्हाही तो काही बोलला नाही, पण कुंपणापलीकडून डेल्बर्ट एखाद्या पाहुण्याला “हा बघा, हा माझा दुसरा” असं सांगू लागला की मर्ल गवत कापायचं यंत्र सुरू करायचा. गवत असो वा नसो.

तर त्या सप्टेंबरात मिसेस आयडा श्रॉयर यांच्या शेतघराचा लिलाव झाला. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, गुडघे थकले होते, म्हणून त्या गावात मुलीकडे राहायला आल्या. मर्लने एक खोकं घेतलं. त्यात बरण्यांची झाकणं, अंडी फेटायचं एक गंजकं यंत्र आणि तळाला पिठाच्या पिशवीत गुंडाळलेलं एक हॅडली अँड स्नो निघालं.

अशी वस्तू हाताळायची रीत असते. आधी मालकाची परवानगी मागायची. मग पांढरे सुती हातमोजे घालायचे. मर्लचे मोजे माझ्या बहिणीच्या लग्नात त्याने घातलेले होते. मग गोळ्यांचं चक्र बाजूला करून ते रिकामं आहे याची खात्री करायची, आणि ती आपल्या घरातलीच वस्तू असली तरी शेजारच्यालाही दाखवायची. घासायचं नाही, पुसायचं नाही, तेल नाही. वस्तूवर बसलेला काळ हीच तिची किंमत. मी घर पुसलं तर त्याला स्वच्छता म्हणतात, आणि रिव्हॉल्व्हर पुसलं तर विध्वंस, हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षी नीट समजावून सांगण्यात आलं होतं.

मर्लने ते टेबलावर ठेवलं, उलटं केलं आणि बूड दिव्याकडे धरलं.

“लवीना,” तो म्हणाला, “जरा इकडे ये. हात लावू नकोस.”

लाकडी मुठीच्या बुडाला, बरोबर मध्यभागी, एक उथळ खळगा होता. गुळगुळीत, गोल, एखाद्या बाहुलीच्या वाटीएवढा.

“पडलं असेल कुठे,” मी म्हणाले.

“पडून असा खळगा पडतो? केंद्र बघ. परीघ बघ.” भूमितीच्या शिक्षकाशी लग्न केलं की हे ऐकावं लागतं.

दुसऱ्या दिवशी डेल्बर्ट आला. येताना दवाखान्यातला तोंडात घालायचा छोटा आरसा आणि टोकदार सळई घेऊन आला. बरोबर त्याची बायको विल्मा होती. डेल्बर्टने खळग्यात आरसा धरला, कडेने हलकेच सळई फिरवली आणि पेशंटला वाईट बातमी सांगायच्या आवाजात म्हणाला, “हे यंत्राचं काम आहे.”

“नक्की?” मर्लने विचारलं.

“अरे बाबा, मी दिवसभर दुसरं काय बघतो? पोकळ्याच बघतो. हाताने इतकं सारखं होत नाही.”

विल्माने मला बाजूला घेतलं. “पडदे लावून ठेव. लोक बघतात. आणि पाद्रीबाईंच्या कानावर घाल, उगीच दुसऱ्याकडून कळायला नको. आणि टेबलाचं लाकूड चांगलं आहे गं, खाली काहीतरी अंथर.” मी अंथरलं. आईने दिलेला विणलेला टेबलक्लॉथ अंथरला, आणि तो रिव्हॉल्व्हराच्या खाली गेला तो ख्रिसमसलाच बाहेर आला.

आठवड्याभरात मर्लचा सिद्धांत तयार झाला. कुठल्या तरी राज्याने घोडेस्वार पोलिसांसाठी रिव्हॉल्व्हरं मागवली असणार. घोड्यावरून पडू नये म्हणून अशा रिव्हॉल्व्हराच्या बुडाला कडी असते आणि कडीतून दोरी. ती कडी नीट बसावी म्हणून कारखान्याने आधी वाटी कोरून घेतली. मग मागणी रद्द झाली. कड्या बसल्याच नाहीत, आणि वाट्या तशाच राहिल्या. “कडीविना वाटी,” मर्ल म्हणाला, आणि हे शब्द त्याने इतके जपून उच्चारले की मी भाजी चिरायची थांबले. अठरा वर्षांत माझं नावसुद्धा त्याने असं उच्चारलं नव्हतं.

मंडळाचे अध्यक्ष मिस्टर हफमन हे निवृत्त पोस्टमास्तर. त्यांनी आयुष्यभर अपुरी तिकिटं लावलेली पत्रं परत पाठवली होती. त्यांनी मर्लचं सगळं ऐकून घेतलं आणि नियम सांगितले. नवीन प्रकार मान्य व्हायला किमान तीन नमुने पाहिजेत. शिवाय निदान एका नमुन्याच्या जुन्या मालकाने डिसेंबरच्या वार्षिक जेवणाला समक्ष येऊन सांगायला पाहिजे, की कारखान्यातून आल्यावर यात कुणी फेरबदल केलेला नाही.

“मिसेस श्रॉयर येतील,” मर्ल म्हणाला.

“येतील तेव्हा येतील. आधी नमुने आणा.”

अशा रीतीने आमचे रविवार सुरू झाले. चर्चमधून निघायचं आणि रानोमाळ शेतघरं धुंडाळायची. पहिल्या घरी मर्ल एकटाच दारात गेला. पांढरे हातमोजे घातलेला माणूस घरात बंदूक आहे का असं विचारतो म्हटल्यावर दार लागलं. तेव्हापासून पुढे मी. सभ्य टोपी घालून, पर्स दोन्ही हातांत धरून, अनोळखी बायकांना मी विचारत असे, “तुमच्या सासऱ्यांचं रिव्हॉल्व्हर असलं तर त्याचं बूड जरा बघता येईल का?” माझे वडील चर्चच्या गायकवृंदात होते. त्यांनी हे ऐकलं नाही हे बरं झालं.

पण बायका चांगल्या होत्या. “या ना, बसा,” म्हणायच्या. आधी कॉफी, मग हिकरीचा केक. हिकरी म्हणजे अक्रोडाची रानातली गरीब चुलतबहीण. गर इवलासा, चव राणीसारखी आणि कवच असं की आमच्याकडे हट्टी माणसाला ‘हिकरी’ म्हणतात. मग बाई उठून ओट्याखालचा खण उघडायची आणि लाटण्याच्या, गाळण्याच्या मधून रिव्हॉल्व्हर काढून द्यायची. मर्ल मोटारीतून बोलावल्यावर आत यायचा, मोजे चढवायचा आणि विचारायचा, “हे नेहमी स्वयंपाकघरातच असतं का?”

“म्हणजे काय? दुसरीकडे कुठे असणार?”

परतताना तो मला समजावायचा, “भटक्यांची भीती असायची गं त्या काळी. नवरे शेतावर. या बायका एका हाताने पाव भाजायच्या आणि दुसरा हात खणावर. केवढं धैर्य.” मीही मान डोलवायचे. माझा कोट पुढच्या बाजूने घट्ट होऊ लागला होता.

सगळीकडे हॅडली अँड स्नो निघायचं असं नाही. पण एका घरी निघालं, आणि त्याला वाटी होती. दुसरा नमुना. मालकिणीने तो जेवणापुरता उसना दिला, तेव्हा मर्लने तिच्याशी हस्तांदोलन केलं आणि मोजा काढायला विसरला.

तिसरा मिळाला तो मोटारीचा मागचा दिवा गेल्यामुळे. अंधार पडत होता. शेरिफच्या, म्हणजे आमच्याकडच्या निवडून दिलेल्या पोलीसप्रमुखाच्या, कचेरीतल्या एका शिपायाने आम्हांला थांबवलं. नशीब असं की तो मर्लचा जुना विद्यार्थी, भूमितीत नापास झालेला.

“मिस्टर स्टॉफर,” तो अदबीने म्हणाला, “मागच्या सीटवरच्या टोपलीत काय आहे?”

“नमुने,” मर्ल म्हणाला.

शिपायाने टोपलीवरचा फडका उचलला. आत चार रिव्हॉल्व्हरं. दोन वाटीची, दोन बिनवाटीची, तुलनेसाठी आणलेली.

“आणि हे?”

“हिकरी केक,” मी म्हणाले. “घे ना थोडा.”

त्याने घेतला नाही. आम्हांला कचेरीत नेलं. मी टोपी घालून त्या बाकावर बसले होते, माझ्या शेजारी कोंबड्या चोरणारा एक माणूस होता आणि तो माझ्याकडे सहानुभूतीने बघत होता. विल्माचा सल्ला आठवला. पाद्रीबाईंच्या कानावर घालायला हवं होतं.

आतून शेरिफ आले. त्यांनी एक रिव्हॉल्व्हर उचललं. “परवानगी मागा,” मर्ल म्हणाला. त्या प्रसंगी असं म्हणायला धैर्य लागतं, तेही पाव न भाजता. शेरिफने मर्लकडे पाहिलं, मग बुडाकडे पाहिलं, मग म्हणाले, “थांबा इथे.” आणि घरी गेले. घर मागेच होतं. परत आले तेव्हा हातात त्यांच्या आजोबांचं हॅडली अँड स्नो होतं, आणि त्याला वाटी होती. पुढे काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही, पण निघताना शेरिफ दारापर्यंत सोडायला आले, आणि ‘घोडेस्वार पोलीस’ हे शब्द त्यांना फार आवडलेले दिसत होते. केक मी कोंबडीचोराला दिला.

तीन नमुने झाले म्हटल्यावर गोष्ट गावभर झाली. मंडळाचा जो तो आपापली रिव्हॉल्व्हरं उलटी करून बघू लागला. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला आमचं टेबल अडलेलंच होतं, म्हणून आम्ही टर्की इस्त्रीच्या फळीवर ठेवली आणि ताटं मांडीवर घेतली. तेवढ्यात डेल्बर्ट आला. त्याच्या चेहऱ्यावर शेजाऱ्याच्या चेहऱ्यावर असू नये असा आनंद होता. त्यालाही एक मिळालं होतं. पण त्याची वाटी मध्यभागी नव्हती. डावीकडे सरकलेली होती.

“ऐक मर्ल,” तो म्हणाला, “स्वार डावखुरा असेल तर कडी डावीकडे लागणार. म्हणजे हा वेगळा प्रकार झाला. ‘क्रमराइन डावी’.”

मर्लने काटा खाली ठेवला. “आधी माझी तर मान्य होऊ दे, डेल्बर्ट.”

“होणारच रे. तुझी झाल्याशिवाय माझी कशी होणार?” आणि जाताना टर्कीचा एक पाय घेऊन गेला.

डिसेंबरातलं वार्षिक जेवण अग्निशमन दलाच्या सभागृहात असायचं. प्रत्येक घरातून एकेक पदार्थ आणायचा आणि एका लांब टेबलावर मांडायचा. दुसऱ्या लांब टेबलावर हिरव्या कापडावर रिव्हॉल्व्हरं. मर्लने नवा टाय घातला होता. आदल्या दिवशी आंघोळ करताना तो ‘स्टॉफर प्रकार’ असं हळू आवाजात म्हणून बघत होता. दाराबाहेर मी टॉवेल घेऊन उभी होते. आत गेले नाही. म्हणू दे म्हटलं.

मिसेस श्रॉयर मुलीबरोबर आल्या. ठेंगण्या, काठी टेकत, चर्चचा निळा पोशाख. त्यांनीही केक आणला होता. पहिल्या रांगेत बसून त्यांनी मर्लचं सगळं भाषण ऐकलं. पडद्यावर चित्रं, वर्तुळं, त्रिज्या, घोडा. घोडा मर्लनेच काढला होता आणि तो जरा कुत्र्यासारखा झाला होता, पण कुणी हसलं नाही. भाषण संपल्यावर टाळ्या झाल्या. डेल्बर्टने सर्वांत जास्त वाजवल्या.

मग हफमन उठले. “मिसेस श्रॉयर, हे रिव्हॉल्व्हर तुमच्या घरचं?”

“हो. सासऱ्यांनी घेतलं होतं. भटक्यांच्या भीतीने.”

मर्लने माझ्याकडे पाहिलं.

“त्यात कुणी कधी फेरबदल केला का?”

“नाही बाई. फेरबदल कोण करणार?”

“म्हणजे ही वाटी पहिल्यापासून होती?”

“कुठली वाटी?” हफमननी बूड दाखवलं. मिसेस श्रॉयरनी चष्मा वर केला. “हां, ते होय. नाही, ते नव्हतं. ते आमचंच आहे.”

हफमननी रिव्हॉल्व्हर परत हिरव्या कापडावर ठेवलं.

“तुमचं म्हणजे?”

“म्हणजे माझं, आणि माझ्या आधी सासूबाईंचं. हिकरी फोडतो ना आम्ही त्याने. हातोडीने फुटते हो, पण गराचा भुगा होतो. याने कशी, बरोबर दोन फाकी होतात. खळगा पडायला एक जन्म जातो, पण एकदा पडला की हिकरी हलत नाही त्यात.”

“सगळ्यांनी फोडल्या?” कुणीतरी मागून विचारलं.

“ज्यांच्याकडे होतं त्यांनी. लाकूड चांगलं होतं त्या कंपनीचं.” मग त्यांची नजर टेबलावर फिरली आणि डेल्बर्टच्या रिव्हॉल्व्हरापाशी थांबली. त्यांचा चेहरा उजळला. “अगंबाई, हे तर आमच्या कोराचं. माझी बहीण. डावखुरी होती बिचारी.”

डेल्बर्ट खाली बसला.

मिसेस श्रॉयरना वाटलं की आपल्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. त्यांनी कोटाच्या खिशातून हिकरीचं एक फळ काढलं. हिवाळ्यात आमच्याकडे प्रत्येक म्हातारीच्या खिशात असतं. स्वयंपाकघरातून बिडाचा तवा मागवला. आणि उघड्या हाताने, कुणाची परवानगी न मागता, त्यांनी हिरव्या कापडावरून रिव्हॉल्व्हर उचललं. हफमननी डोळे मिटले. पण म्हातारीने सवयीने आधी चक्र बाजूला केलं, रिकामं आहे ते पाहिलं आणि शेजारी असलेल्या आपल्या मुलीलाही दाखवलं. मग नळी मुठीत धरली आणि हलकेच एक ठोका दिला.

बरोबर दोन फाकी.

सगळे मर्लकडे बघत होते. मीही. तीन महिन्यांचे रविवार, माझा टेबलक्लॉथ, तो शेरिफ, तो घोडा. त्याचा चेहरा फळा पुसल्यावर फळा दिसतो तसा झाला होता. त्याने एकेक बोट ओढत मोजे काढले, घडी करून खिशात ठेवले आणि तो टेबलापाशी गेला.

“मिसेस श्रॉयर,” तो म्हणाला, “मला दाखवा कसं धरायचं ते.”

त्यांनी दाखवलं. त्याचा पहिला ठोका चुकला. दुसऱ्याला भुगा झाला. “मनगट सैल सोडा हो, मास्तर,” त्या म्हणाल्या, “रागावल्यासारखं मारू नका.” तिसऱ्याला दोन फाकी झाल्या. त्याने एक त्यांना दिली आणि एक माझ्याकडे घेऊन आला.

त्यानंतर जे झालं त्याला मंडळाच्या भाषेत ‘नमुन्यांची पडताळणी’ म्हणतात. एकेक सभासद आपलं रिव्हॉल्व्हर घेऊन तव्यापाशी गेला. प्रत्येकाला आपली वाटी अस्सल आहे की साधी पडझड, हे जाणून घ्यायचं होतं. शेरिफची अस्सल निघाली. डेल्बर्ट रुसून बसला होता, पण शेवटी उठला, आणि बराच झगडल्यावर त्याला कळलं की त्याचं डाव्या हातानेच साधतं.

हफमन नियमाचे पक्के होते. “फरक आहे,” ते म्हणाले, “नमुने तीनांहून जास्त आहेत. जुन्या मालकाची साक्ष झाली. फरक कारखान्यातच पडला पाहिजे असं आपल्या नियमांत आहे का, यावर मत घेऊ.” मत घेतलं. घरोघरी वाट्या असल्यामुळे एकमताने ठरलं की तसं काही नाही. प्रकार मान्य झाला. मर्लने मान वर केली.

“नाव,” हफमन म्हणाले, “ज्याने फरक ओळखून त्याचं खरं कारण सांगितलं त्याचं.” आणि ते मिसेस श्रॉयरकडे वळले.

टाळ्यांना सुरुवात करणारा पहिला माणूस मर्ल होता. तेवढं मी आजवर ज्याला त्याला सांगत आले आहे.

मिसेस श्रॉयर त्यानंतर दोन हिवाळे जगल्या. आपलं नाव कशाला दिलंय हे त्यांना शेवटपर्यंत नीट कळलं नाही, पण मंडळाने दरवर्षी केक मागितला याचा त्यांना आनंद होता. हफमननी मरताना आपला संग्रह मंडळाला दिला, बरोबर तो वापरायचे नियमही दिले. शेरिफ पुढची निवडणूक हरले. त्यात वाटीचा काही संबंध नव्हता. डेल्बर्ट आणि विल्मा फ्लॉरिडाला गेले. ‘क्रमराइन डावी’साठी तो तिथूनही अर्ज पाठवत राहिला. दरवेळी उत्तर एकच जायचं, की त्या प्रकाराला नाव द्यायचं झालं तर ते कोराचं असेल.

मर्लला जाऊन आता बरीच वर्षं झाली. गवत कापायचं यंत्र त्याने पुन्हा कधी विनाकारण सुरू केलं नाही.

गेल्या शरदात पुतणीने मला कोलंबस शहरात जुन्या शस्त्रांच्या एका मोठ्या प्रदर्शनाला नेलं. एका टेबलावर काचेखाली वाटीचं एक हॅडली अँड स्नो होतं. मांडणारा माणूस तिशीतला, पांढरे हातमोजे घातलेला. मी वाकून बघतेय म्हटल्यावर तो नम्रपणे म्हणाला, “आजी, हा फार दुर्मिळ प्रकार आहे. याला ‘श्रॉयर’ म्हणतात.”

“कोण हा श्रॉयर?”

“कंपनीतला कारागीर होता. घोडेस्वार पोलिसांसाठी त्याने ही वाटी कोरली. इथे कडी बसायची होती.”

“मग बसवली का नाही?”

“मागणी रद्द झाली,” तो म्हणाला. मग जरा थांबून, शब्द जपत म्हणाला, “आम्ही तिला कडीविना वाटी म्हणतो.”

माझ्या कोटाच्या खिशात हिकरीचं एक फळ होतं. मी ते तिथेच राहू दिलं. “बरोबर,” मी म्हणाले, “माझ्या नवऱ्याचंही असंच म्हणणं होतं.”